भोवऱ्याची घोडी आणि अप्पांचा रुमाल

आमच्या घरात कुणावर पटकन विश्वास ठेवायची पद्धत नव्हती, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे. अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगलीत हळदीचे अडते. शेतकऱ्यानं पोतं सोडलं की वरचं हळकुंड ते कधी उचलायचे नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालून तळातलं काढायचे, कटकन मोडायचे, रंग बघायचे, वास घ्यायचे आणि मग त्या शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. हळदीपेक्षा तोंडाकडं जास्त. आई दोडक्याचं टोक मोडून जिभेला लावल्याशिवाय दोडका घ्यायची नाही. पाहुणे 'सहज आलो होतो' म्हणाले की चहाचं आधण ठेवता ठेवता ती माझ्या कानाशी यायची, "सहज कोण येतंय? बघ आता, पिशवीतनं काय काढतात ते." आणि खरंच पिशवीतनं काहीतरी निघायचंच. मी वीस ओलांडल्यापासून तर नेहमी कुणाच्या तरी मुलाचा फोटोच निघायचा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी डी.एड. होऊन सांगलीतल्या एका मतिमंद मुलांच्या शाळेत हंगामी शिक्षिका होते. मतिमंद हाच शब्द तेव्हा सगळे वापरायचे, आम्हीसुद्धा. शाळेतल्या मोठ्या बाईंनी एक दिवस मला बोलावून सांगितलं की साताऱ्याच्या पुढं, लोणंदच्या रस्त्याला, एका माळावर एक मॅडम वर्षभराचं शिक्षण देतात. घोड्यांच्या मदतीनं मुलांना शिकवायचं शिक्षण. ज्या पोरांना फळा, खडू, गोंजारणं, दटावणं, कशाचाच उपयोग होत नाही ती पोरं घोड्याजवळ शिकतात, असं बाईंच्या कानावर आलं होतं. "तू शिकून ये, इथं तुझी जागा कायमची करून घेऊ," म्हणाल्या.

आम्ही जैन. घरी दिवस बुडायच्या आत जेवायला बसलो होतो, तेव्हा मी विषय काढला.

"घोड्याजवळ कोण शिकतं?" अप्पांनी विचारलं.

"पोरं."

"आणि शिकवतं कोण? घोडं?"

"घोडं आणि आम्ही मिळून."

"घोडं डी.एड. झालंय का बी.एड.?" अप्पांनी आमटीचा भुरका मारला. "कुठंतरी पाणी मुरतंय बघ यात."

आईला वेगळीच काळजी. "मारत असतील हो जनावराला. चाबकाशिवाय घोडं ऐकतंय होय? नसतं पाप पोरीच्या माथी."

पण खरी अडचण घोड्याची नव्हतीच. इचलकरंजीचं एक स्थळ आलं होतं. घरचे यंत्रमाग, चांगलं नाव. मुलगा फोटोत बरा होता. लग्नानंतर नोकरी चालणार नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, आणि तेही मला नाही, अप्पांना. मी हट्ट धरला. रडले नाही, भांडले. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. शेवटी अप्पा म्हणाले, "एक वर्ष. पुढच्या हळदीचा हंगाम उरकला की मी स्वतः तिथं येणार आणि या डोळ्यांनी बघणार. खरं असलं तर पुढचं बोलू. ढोंग निघालं तर पिशवी उचलायची, घरी यायचं आणि इचलकरंजीला हो म्हणायचं. परत घोड्याचं नाव काढायचं नाही."

"ठरलं," मी म्हणलं आणि हात पुढं केला. "घाला रुमाल."

रुमालाचं सांगायला हवं. बाजारात उघडा लिलाव कधीचा सुरू झाला होता, पण जुने अडते अजून खासगीत रुमालाखाली भाव ठरवायचे. दोघांचे हात एका रुमालाखाली. तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चालायच्या आणि आत बोटं बोटांशी बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, आख्खा पंजा धरला की पाच. शेवटी हात दाबला की सौदा झाला, मग कुणी मागं फिरायचं नाही. लहानपणी मी अप्पांच्या मांडीवर बसून तो रुमाल हलताना बघितला होता.

अप्पा हसले. "बायकांचा हात जात नाही गं रुमालाखाली. तोंडी ठरलंय ते पुरे."

मला इतका राग आला की मी उठून हात धुवायला गेले. पण वर्ष मिळालं होतं.

माळावर पोचले तेव्हा पहिली शंका फाटकातच आली. पाटी नाही. पत्र्याची एक पागा, तारेचं कुंपण घातलेलं एक मोठं रिंगण, विहीर, कौलारू घर आणि तीन घोडी. मॅडम पन्नाशीच्या, उंच, उन्हानं रापलेल्या. नवरा फौजेत घोडदळात होता, तो निवृत्त झाल्यावर त्याच्या वाटणीच्या या जमिनीवर दोघं राहायला आली होती. त्याआधी काही वर्षं त्या परदेशात होत्या आणि तिथल्या एका शाळेत हे काम शिकल्या होत्या. हे सगळं त्यांनीच सांगितलं, आणि त्यांनीच सांगितलं म्हणूनच मला ते पटेना. शिकणारे आम्ही दोघंच. मी आणि पाटणकडचा एक जण, माझ्याच वयाचा, शाळेत खेळाचा मास्तर व्हायची इच्छा असलेला. सारखा हसायचा. सारखं हसणाऱ्या माणसाबद्दल आमच्या घरी काय मत होतं ते सांगायला नको.

"घोड्यावर कधी बसायचं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बसायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "बसायला खुर्ची आहे."

पाटणवाल्यानं मला बाजूला घेतलं. "आवं ताई, हे कसलं शिक्शान? आमच्या गावात मी समद्यास्नी सांगून आलोय, घोड्यावरनंच परत येतो म्हनून. आता लोक हसत्याल की वो."

महिनाभर आम्ही लीद उचलली. खरारा केला, पाणी ओढलं, खुरात अडकलेले खडे आकडीनं काढले. मला वाटलं, बस, कळलं गौडबंगाल. फुकटात गडी मिळवायची ही युक्ती आहे आणि वर त्याला शिक्षण म्हणायचं. उरलेल्या वेळात कुंपणाबाहेर दगडावर बसून घोड्यांकडं बघायचं. नुसतं बघायचं. आणि दिवस कलला की मॅडम विचारणार, "आज काय दिसलं?"

"घोडी रागावली होती," मी एकदा म्हणलं.

"राग दिसतो कसा? कुठल्या रंगाचा असतो?"

"कान मागं पाडले होते."

"मग तेवढंच सांग. राग तू घातलास."

नाकानं कांदे सोलणारी बाई, मी मनात म्हणलं. आणि मी तर कांदा खातसुद्धा नव्हते, माझी भाजी मी वेगळी करायचे.

पण बघायला मला येत होतं, ते अप्पांकडून आलं होतं. तीन घोड्यांत एक पांढरी घोडी होती, तिच्या डाव्या डोळ्याच्या खाली केसांचा एक भोवरा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टांग्यांचा अड्डा होता, त्यामुळं एवढं मला ठाऊक होतं की डोळ्याखाली भोवरा असलेलं घोडं आमच्या भागात कुणी दावणीला बांधत नाही. मालकाला रडवतं म्हणतात. ती घोडी मला पोत्याच्या तळातलं हळकुंड वाटली. मी तडक मॅडमकडं गेले.

"हिच्या डोळ्याखाली भोवरा आहे."

"आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आपल्याकडं आली. कऱ्हाडच्या बाजूला वरातीत नाचायची. एका नवरदेवाच्या मामानं तो भोवरा बघितला आणि वरात तिथंच अडवली. तेव्हापासून तिला कुणी बोलवेना."

"म्हणजे कुणाला नको झालेल्या घोडीवर तुम्ही आम्हाला शिकवताय."

"हो. आणि पोरं तरी कोणती येणार आहेत? सगळ्यांना हवी असलेली?"

पण म्हणून मी नमले असं मुळीच नाही. बोलायला गोड असणं आणि खरं असणं यात फरक असतो.

आमची परीक्षा एकच होती. दोरी नाही, लगाम नाही, हाका नाहीत. रिंगणात जाऊन उभं राहायचं आणि घोडीनं आपण होऊन जवळ यायचं. पांढरी घोडी माझ्याजवळ येईना. मी आत पाऊल टाकलं की ती रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला जायची, एक कान माझ्याकडं वळवायची आणि उभी राहायची. पाटणवाल्याकडं मात्र चौथ्या-पाचव्या दिवसापासून तुरुतुरु चालत जायला लागली. तो माझ्याकडं बघून हसायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी दोन दिवस फक्त घोडीचं नाक बघितलं. नाक त्याच्या तोंडाकडं जात नव्हतं, हाताकडं जात नव्हतं, सरळ पँटच्या उजव्या खिशाकडं जात होतं.

"खिसा दाखव," मी म्हणलं.

"काय न्हाई वो ताई त्यात."

"दाखव म्हणते ना!"

गूळ निघाला. चांगला ढेपेचा, रुमालात बांधलेला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी त्याला तसाच मॅडमसमोर उभा केला. त्यांनी त्याला काहीच म्हणलं नाही, मलाच विचारलं, "तुला कळलं कसं?" मी नाकाचं सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तुला दिसतंय." मला वाटलं होतं शाबासकी मिळेल, त्याची निदान खरडपट्टी तरी निघेल. दोन्हीतलं काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून गूळ बंद झाला, घोडी त्याच्याकडंही जाईना, आणि आम्ही दोघं कुंपणाजवळच्या दगडावर तोंड पाडून बसायला लागलो. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराई सुरू झाली. एका दुपारी मी एकटीच कुंपणाशी होते. दूर रस्त्यावरून कुठली तरी वरात चालली होती, वाऱ्यावर हलगी ऐकू येत होती. घोडी चरत होती. तिनं मान वर केली. मग ती नाचायला लागली. मान वाकवून, पुढचे पाय एकाआड एक उचलून, जागच्या जागी. पाठीवर नवरदेव नाही, समोर बघणारं कुणी नाही, आणि ती रिकाम्या माळावर एकटी नाचत होती. तिच्या पुढच्या दोन्ही पायांवर केस गेलेल्या गोल खुणा होत्या. मी रोज खरारा करताना त्या बघायचे, पण त्या कशाच्या ते मला त्या दिवशी कळलं. पाय बांधून शिकवलं होतं तिला. हलगी थांबली तरी तिचे पाय लगेच थांबले नाहीत. मला रडू आलं आणि त्याचबरोबर इचलकरंजीचा तो फोटो डोळ्यापुढं आला. मी कुंपणाची तार घट्ट धरून उभी होते.

त्या संध्याकाळी माझा तोल गेला. "काय दिसलं?" मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, आणि मी फुटलेच. "तुम्ही आम्हाला फसवताय का, ते एकदा सांगून टाका! सहा महिने झाले, घोडी जवळ येत नाही, पोरं दिसत नाहीत, तुमच्या कागदावर सरकारी शिक्का नाही. माझे वडील येणार आहेत. त्यांना काय दाखवू मी, लिदीचा ढीग?"

त्या रागावल्या नाहीत. "माझा संशय येतो ना तुला?"

"येतो."

"चांगलंय. घोडीलाही तुझा येतो. घोडं सगळ्यांचा संशय घेतं, म्हणून तर ते जिवंत आहे. पण संशय आल्यावर ती काय करते, ते बघितलंस का?"

"लांब जाते."

"आणि?"

मी आठवलं. "उभी राहते. एक कान माझ्याकडं असतो."

"पळता येईल एवढी जागा ठेवते आणि बघत राहते. तू संशय आला की लगेच निकाल लावून मोकळी होतेस. तो निकाल तेवढा थोडे दिवस थांबव. संशय ठेव, तो कामाचा आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला संशय ठेव म्हणून सांगत होतं. मी यावरसुद्धा संशय घेतला, पण बघत राहिले. रिंगणात जाताना आता मी तिच्याकडं सरळ चालत जाईना. तिरकी जायची, थांबायची, तिला कंटाळा येईल इतकी थांबायची, पाठ वळवून बसायची. एके सकाळी माझ्या मानेवर गरम श्वास आला. मी हलले नाही. तिला हात लावला नाही, कुणाला सांगितलंही नाही. पाटणवाल्यानं लांबून बघितलं होतं. गुळावरून माझ्यावर रुसलेला तो गडी धावत आला, "ताई! आली की वो, आली!" म्हणून ओरडला आणि त्याच्या ओरडण्यानं घोडी पुन्हा पार टोकाला गेली. मग आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

थंडी संपता संपता मुलं यायला लागली. साताऱ्याच्या एका शाळेची, दर गुरुवारी, टेंपोतून. त्यात एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. बोलायची नाही. कुणी हात लावला की किंचाळायची, आवाज मोठा झाला की कान दाबून खाली बसायची. तिच्या शाळेतल्या ताई म्हणाल्या, "हिला काही कळत नाही." मी मुलीकडं बघितलं. ती आमच्याकडं पाठ करून उभी होती, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेकाला जोखत होती. पळता येईल एवढी जागा तिनं मागं ठेवली होती. मला मनात हसू आलं. हिला काही कळत नाही म्हणे! ही तर आमच्या घरातली शोभली असती.

मी तिला कधी हाक मारली नाही. घोडीसाठी मी जशी बसायचे, तशीच तिच्यासाठी बसले, पाठ करून. गुरुवारमागून गुरुवार गेले. ती कुंपणाशी, मग फाटकाशी, मग फाटकाच्या आत. घोडी आणि ती दोघी एकमेकींकडं तिरक्या बघायच्या. त्यापलीकडं काही घडत नव्हतं आणि पाडवा होऊन गेला होता. हळद संपत आली होती. अप्पांचं पत्र आलं, येतो म्हणून.

मॅडमनी तोच दिवस मुलांच्या पालकांना आणि गावातल्या चार जणांना बोलवायला ठरवला. दाखवायला माझ्याकडं काय होतं? घोडीच्या आसपास उभी राहणारी एक मुलगी. अप्पा म्हणाले असते, उभं राहायला काय, आमच्या दारात म्हैसपण उभी राहते.

अप्पा सकाळच्या एस.टी.नं आले. पांढरं धोतर, काळी टोपी, खांद्यावर रुमाल. आल्या आल्या पागा बघितली. "चाबूक कुठं ठेवता?" त्यांनी मॅडमना विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या. अप्पांनी स्वतः पागेत जाऊन कोपरे बघितले, गवताच्या गंजीमागं बघितलं. मग घोडीपाशी थांबले, डोळ्याखाली बघितलं आणि माझ्याकडं वळून भुवई उंचावली. मला वाटलं, झालं, माझी पिशवी भरली.

मुलं आली. मुलगी नेहमीसारखी एकटीच रिंगणात शिरली. मी लांब बसले. आणि तेवढ्यात फाटकातनं हलगी सुरू झाली.

मॅडमनी गावात निरोप दिला होता की वाजंत्री नको, आवाज नको. पण पाहुणे येणार, वाड्या-वस्त्यांवरची माणसं येणार आणि हलगी नाही, ही कल्पनाच सरपंचांना सोसली नव्हती. गावाची अब्रू काय राहील? दोन हलगीवाले, एक तुतारीवाला आणि फेटे बांधलेली माणसं घेऊन ते थाटात आत आले. पांढरी घोडी बघितल्यावर तर वाजवणाऱ्यांना चेवच चढला.

घोडी नाचायला लागली. मान वाकवून, पाय उचलून, अगदी रिंगणाच्या मधोमध. लोक खुश! "वा! लय भारी!" टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. घोडीच्या पायांपासून चार हातांवर मुलगी कान दाबून खाली बसली होती आणि किंचाळत होती. पण हलगीत ते ऐकू कुणाला जाणार?

मी उठले ती सरळ सरपंचांच्या अंगावर गेले. "बंद करा ती हलगी! बंद करा म्हणते ना! पोरगी मरायची आहे का?"

"आवं बाई, पाव्हण्यांच्या मानापानासाठी—"

"खड्ड्यात गेला मान!"

हलगी थांबली. मुलीची आई फाटकाकडं धावली, शाळेतल्या ताई धावल्या. पाटणवाल्यानं दोन्ही हात पसरून फाटक अडवलं. "कुनी आत जायाचं न्हाई. ताई सांगंल तवाच." देव त्याचं भलं करो. घोडी अजून नाचत होती, तिचे पाय लगेच थांबत नाहीत हे मला माहीत होतं. आता कुणीही धावलं असतं तर ती उधळली असती, आणि पळायच्या वाटेवर मुलगी होती.

मी हळू आत गेले. तिरकी. दोघींपासून लांब, जमिनीवर, दोघींकडं पाठ करून बसले. पाठ करायला किती जड गेलं ते माझं मला माहीत. मला मागचं काही दिसत नव्हतं. समोर कुंपणाबाहेर अप्पा दिसत होते. ते माझ्या मागं बघत होते, हळकुंड मोडल्यावर बघायचे तसे, अजिबात न हलता. मी श्वास सोडला, मोठ्यानं, घोडी सोडते तसा. परत सोडला. माझ्या मागं पाय आपटायचे आवाज विरळ झाले. मग थांबले. मग मुलीचं किंचाळणंही थांबलं.

बऱ्याच वेळानं अप्पांचं तोंड बदललं. मी मान वळवली.

घोडी मुलीसमोर उभी होती, मान पार खाली घातलेली. मुलगी उकिडवी बसली होती. तिनं एक बोट पुढं केलं होतं आणि ते घोडीच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावर ठेवलं होतं. बोट भोवऱ्याच्या केसांबरोबर गोल गोल फिरत होतं. घोडीनं डोळा मिटला होता. मग मुलगी उठली आणि फाटकाकडं चालायला लागली, आणि घोडी तिच्या मागोमाग, दोरी नाही, हाक नाही, मुलगी थांबली की थांबायची, चालली की चालायची. मुलीची आई तोंडात पदर धरून रडत होती. आता टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

माणसं पांगली. अप्पा माझ्याकडं आले. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी माझा उजवा हात धरला, उलटा केला, नाकाशी नेला. मग डावा. टांगेवाले गुळानं घोडं वळवतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग म्हणाले, "पोरीचे पण बघितले मी, लांबूनच. फ्रॉकला खिसाच नाही. गूळ कुठं होता?"

"गूळ नव्हता अप्पा."

"ते नाचणं खोटं होतं."

"हो."

"नंतरचं?"

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी नजर काढली नाही. बघा की हवं तितकं, म्हणलं मनात.

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, उजव्या हातावर पसरला आणि हात पुढं केला.

"घाल हात."

रुमालाखाली त्यांची बोटं खरखरीत होती, हळदीनं पिवळी, ते बघायची गरज नव्हती. तोंडानं ते म्हणाले, "यंदा पाऊस वेळेवर येईलसं दिसतंय." आणि आत त्यांनी माझं एक बोट धरलं. एक. आणखी एक वर्ष.

मी अडत्याची मुलगी. "तुमच्याकडं हळद कशी आली यंदा?" मी विचारलं, आणि त्यांचा आख्खा पंजा धरला.

अप्पांनी हात मागं घ्यायला बघितलं. मी सोडला नाही. त्यांचं तोंड तसंच कोरडं, बाजारातलं. मग रुमालाखाली त्यांनी माझा हात दाबला, असा की बोटं दुखली.

"इचलकरंजीला मीच कळवतो," ते म्हणाले आणि एस.टी. चुकेल म्हणून भरभर फाटकाकडं निघाले. दिवस बुडायच्या आत घरी पोचून जेवायचं होतं त्यांना. रुमाल माझ्या हातावरच राहिला होता.